सातवा प्रवासी आला की गाडी सुटते

सेनेगलची राजधानी डकार. शहरालगतच्या पिकीन भागातील मोठ्या गाडीतळावर पहाटे पोहोचलेल्या प्रवाशाच्या नजरेस आधी पडते ती जुन्या, लांबलचक मोटारींची रांग. या गाड्यांना तिथे ‘सेत-प्लास’ म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ सात जागा. चालकाशेजारी एक, मध्ये तीन आणि अगदी मागे तीन. सातवा प्रवासी येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. सातारा-कोल्हापूरकडे वडापच्या जीपमधून फिरलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

या गाड्या बहुतेक प्यूजो ५०४ किंवा ५०५ जातीच्या, डिझेलवर चालणाऱ्या स्टेशन वॅगन. ५०४ बाजारात आली १९६८ मध्ये, ५०५ आली १९७९ मध्ये. फ्रान्समध्ये ५०५ चे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. म्हणजे तिथून आलेली रांगेतली सर्वांत तरुण गाडीही तिशी ओलांडलेली! उत्तरेकडचे सॅं-लुई शहर इथून सुमारे २६० किलोमीटरवर आहे. सोबत मुलेबाळे असतील, तर एवढ्या लांब अशा गाडीतून जावे का, हा प्रश्न कोणालाही पडेल.

गाडीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तिच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग जवळजवळ नाहीत. डिझेलचा पंप यंत्रानेच चालतो. त्यामुळे बिघाड झालाच, तर रस्त्याकडेचा मेकॅनिक पान्हे घेऊन तो दुरुस्त करू शकतो. मागच्या आसाला प्रत्येक बाजूस दोन-दोन स्प्रिंगा असल्याने सात माणसे आणि टपावरचे सामान ती निमूटपणे पेलते. आपल्याकडेही महिंद्राच्या जीपमध्ये एके काळी प्यूजोच्या परवान्याने बनवलेले डिझेल इंजिन असे. काटक म्हणून त्याची ख्याती होती.

किलोमीटरचा आकडा पाहण्यात मात्र अर्थ नाही. इतक्या जुन्या गाडीत तो कधीचाच थांबलेला असू शकतो. त्यापेक्षा गाडी सुरू होताना मागे उभे राहून धूर पाहावा. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळते आहे. दाट काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. अशी गाडी वाटेत कुठेतरी अडकवून ठेवणार.

पण अडकणे वेगळे आणि अपघात वेगळा. इंजिन बंद पडले तर फार तर उन्हात दोन तास जातात. टायर फुटला किंवा ब्रेक लागला नाही, तर जिवावर बेतते. जानेवारी २०२३ मध्ये सेनेगलच्या काफ्रीन भागात एका बसचा टायर फुटला, ती समोरून येणाऱ्या बसवर आदळली आणि सुमारे ४० माणसे दगावली. त्यानंतर सरकारने वापरलेल्या टायरांच्या आयातीवर बंदी घातली आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत शहराबाहेरची प्रवासी वाहतूक थांबवली.

म्हणून जाणता प्रवासी बॉनेटपेक्षा चाकांकडे आधी वाकून पाहतो. टायरवर नक्षी शिल्लक आहे का? बाजूला चिरा किंवा फुगवटा नाही ना? चाकाच्या आतल्या बाजूस ब्रेकच्या तेलाचा ओघळ तर नाही? जादा चाक आहे का, आणि त्यात हवा आहे का? चालकाच्या डोळ्यांत झोप तर नाही? मागच्या बाकावर सुरक्षापट्टा मिळेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. लवकर येणाऱ्याला पुढची किंवा मधली जागा मिळते. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला मागची, गुडघे छातीशी घेण्याची.

मसाल्याच्या वासाची काफे तूबा ही कॉफी घेऊन मंडळी वाट पाहत बसतात. सातवा प्रवासी येतो. टपावर पोती, गाठोडी चढतात. थिएस मागे पडते, चामड्याच्या चपलांसाठी प्रसिद्ध असलेले मेखे येते, मग केबेमेर, लूगा. दोन्ही बाजूंना भुईमुगाची शेते आणि मध्येच एखादा जाडजूड गोरखचिंचेचा वृक्ष. शेवटी सेनेगल नदीवरचा १८९७ चा लोखंडी फेदेर्ब पूल आणि पलीकडे बेटावरचे जुने शहर.

टायर गुळगुळीत दिसला, तर त्या गाडीत बसू नये. रांगेतली पुढची गाडी भरायला कदाचित तासभर लागेल. त्या तासात आणखी एक कॉफी होते आणि नव्या गाडीत मधली जागाही मिळते.