कळपाच्या मागे

चांद्या जन्मला तो कोकरांच्या हंगामात. कोकरांच्या डालग्याशेजारी पोतं अंथरून माझ्या आईनं त्याला आणि त्याच्या भावंडांना ठेवलं होतं, त्यामुळे डोळे उघडले तेव्हा त्याला पहिली दिसली ती मेंढरं. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी अंग दख्खनी मेंढरासारखं काळं. मेंढीचं उरलेलं दूध आणि ज्वारीची भाकरी खाऊन तो वाढला. त्याला कुणी काही शिकवलं नाही. मेंढरांच्या वासात वाढलेलं कुत्रं मेंढरांना आपलं गणगोत मानतं, आमच्या धनगरांकडची विद्या एवढीच.

आमचा माणचा मुलूख पावसाच्या सावलीतला. दिवाळी झाली की चारा-पाणी आटायला लागतं आणि वाडा, म्हणजे मेंढरांसकट आमची सगळी बिऱ्हाडं, कोकणाची वाट धरतो. दहिवडीवरून पुसेगाव, कोरेगाव, माहुलीला कृष्णा ओलांडायची, मग पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या अंगाला. तिथं भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. पावसाच्या आधी मात्र वर यायलाच हवं, कारण तिथल्या चिखलात आमच्या मेंढरांचे खूर कुजतात. बाया-पोरं आणि कोंबड्या बिऱ्हाडाच्या घोड्यांबरोबर पुढे जाऊन मुक्काम मांडत. पुरुष मेंढरं चारत मागून येत. सगळ्यांच्या मागे चांद्या. पायात काटा भरलेली, नुकती व्यालेली, दमलेली मेंढी मागे पडते. तिच्याही मागे तो असे. तिला दात लावायचा नाही, ओरडायचं नाही. ती थांबली की थांबायचं, चालली की चालायचं.

रात्री वाघर लावली, म्हणजे मेंढरांभोवती जाळं उभं केलं, की आबा वरच्या अंगाला घोंगडं टाकून आडवे होत आणि ओढ्याच्या अंगाला चांद्या बसे. ती बाजू त्यानं आपण होऊन धरली होती. माणदेशच्या माळावर भीती लांडग्याची. आबा सांगत, की एक लांडगा समोर येऊन कुत्र्याला लांब ओढून नेतो आणि दुसरा मागच्या मागे कोकरू उचलतो. चांद्या कधी त्या समोरच्याच्या नादी लागला नाही. वाघरीला अंग लावून तो जागच्या जागी फिरत राही आणि भुंके. घाटाखाली गोष्ट उलटी होती. तिथं बिबट्याला मेंढरापेक्षा कुत्रंच आवडतं. आमच्या भावकीतली कितीतरी कुत्री त्या जंगलात गेली, मातीला लावायलासुद्धा काही हाती आलं नाही. म्हणून कोकणात आबा चांद्याला वाघरीच्या आत, मेंढरांच्या मधोमध घेत. तो आत बसायचा, पण तोंड ओढ्याकडेच.

माणूस आला की त्याचं भुंकणं वेगळं, जनावर आलं की वेगळं. मला ते पाळण्यातल्या गाण्यासारखं पाठ होतं. पहिलं ऐकून मी कूस बदलायची, दुसरं ऐकून आईला चिकटायची. पुढे शाळेसाठी वसतिगृहात राहिले तेव्हा सगळ्या मुली कुत्र्यांच्या भुंकण्यानं झोपमोड होते म्हणून कुरकुरत, आणि मला कुत्रं भुंकलं नाही तर डोळा लागत नसे.

तो गेला वैशाखात, परतीच्या वाटेवर. लांडग्यानं नाही, बिबट्यानंही नाही. मेंढरं हमरस्ता ओलांडत होती. गाड्या थांबल्या होत्या. शेवटची मेंढी पलीकडे गेलीशी वाटलं आणि एकानं गाडी पुढे काढली. त्या मेंढीच्या मागे चांद्या होता.

आम्ही बिऱ्हाडाबरोबर पुढे पोहोचलो होतो, चुली पेटल्या होत्या. मेंढरं आली ती नेहमीपेक्षा उशिरा, आणि मागून आबा. वाटेत जन्मलेलं कोकरू जसं मानेभोवती घेतात तसं त्यांनी चांद्याला घेतलं होतं. कुणी काही विचारलं नाही. ज्याच्या शेतात मुक्काम होता त्या शेतकऱ्यानं बांधावरच्या बाभळीखाली जागा दाखवली आणि स्वतः टिकाव घेऊन आला. आजीनं खंडोबाचा भंडारा चांद्याच्या कपाळावर, त्या पांढऱ्या ठिपक्यावर लावला. आबांनी माती ओढली आणि ते वाघर लावायला गेले, कारण अंधार पडत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलला. त्या रानात मेंढरांना चारा उरला नव्हता. मेंढरामागच्या माणसाला सुतक पाळायला एका जागी बसता येत नाही.

घरातलं लाडकं कुत्रं गेलं की घर खायला उठतं, हे मी नंतर शहरात पाहिलं आणि ते दुःख मला पुरतं कळतं. कामाचं कुत्रं जातं तेव्हा आणखी काहीतरी होतं. त्याचं काम तसंच उभं राहतं आणि ते रोज कुणाला तरी उचलावं लागतं. त्या रात्री आबांनी घोंगडं वरच्या अंगाला टाकलं नाही, ओढ्याच्या अंगाला टाकलं. वरच्या अंगाला चुलते झोपले. पुढचे कित्येक महिने आबा नीट झोपले नाहीत. जरा सळसळ झाली की उठायचे, बॅटरी मारायचे, पुन्हा पडायचे. मेंढरंही दबून बसायची, रवंथ थांबवून कान टवकारायची. आबांना मी रडताना पाहिलं नाही. त्यांचे डोळे लाल असत ते जागरणानं, असं आई सांगे. मला वाटतं, त्यांचं रडणं आणि त्यांचं जागरण एकच होतं. पुढे दुसरं पिल्लू आलं, चांगलं निघालं. ते ओढ्याच्या अंगाला बसायला लागलं त्या रात्री आबांनी आपलं घोंगडं पुन्हा वर नेलं.

मी शिकले, शिक्षिका झाले, मुंबईला गेले. २००० सालच्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांचा जंजीर गेला. १९९३ च्या स्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढणारा, असंख्य माणसं वाचवणारा तो लॅब्रॅडॉर हाडांच्या कर्करोगानं गेला, आणि त्याला सरकारी इतमामानं निरोप दिला गेला. फुलांनी झाकलेल्या जंजीरचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. आबा तेव्हा माझ्याकडे होते. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘‘आन् आता त्येच्या जागंवर कोन?’’ त्यांना हार दिसले नाहीत. त्यांना त्याच्या माणसाची पुढची रात्र दिसली.

संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचं स्मारक आहे. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून सावध केलं, अशी कथा सांगतात. आमची वाट तिथूनच जायची, आणि आजी पुलावरूनच त्या दिशेला हात जोडायची. पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते बंगळूरच्या सरकारी संग्रहालयातल्या एका शिळेनं. मुलगी तिथं नोकरीला, म्हणून गेले होते. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरची ही शिळा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातली, शके ८७२ म्हणजे इ. स. ९४९-५० ची. एका वीराला पराक्रमाबद्दल हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्यानं काळी नावाचं कुत्रं मागितलं. ते कुत्रं पुढे रानडुकराशी झुंजलं, दोघंही मेली. शिळेच्या माथ्यावर ती झुंज कोरलेली आहे आणि खाली जुन्या कन्नडमध्ये लेख आहे. शिळेची पूजा चालू राहावी म्हणून जमीनही लावून दिली होती. हजारावर वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या कुत्र्याचं नाव दगडावर ठेवलं, म्हणून ते मला वाचता आलं. मी तिथं उभी राहून मनातल्या मनात चांद्याचं नाव घेतलं. त्याची बाभळ आता नाही. तो रस्ता रुंद झाला, बांध गेला.

आबाही गेले. चुलतभाऊ अजून मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त कुत्री रस्त्यावर मरतात, असं ते सांगतात. दरवर्षी दिवाळीनंतर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या शेवटी साताऱ्याच्या, पाटणच्या, चिपळूणच्या रस्त्यांवर तुम्हालाही कळप भेटतील. मेंढरं जाईपर्यंत तुम्ही थांबताच. शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं, तरी आणखी थोडं थांबा. त्याच्यामागे कुत्रं येत असतं.