पोट्टे गेले की

नागपुरात आमच्या महाल भागात उन्हाळा म्हणजे घर भरायचे दिवस. शेवटचा पेपर झाला की यवतमाळची आत्या, वर्ध्याची मावशी आपापली पोट्टी घेऊन हजर. दुपारी कुलरसमोर सात-आठ जण ओळीनं झोपायचे. पाणी प्यायला कुणी उठला की त्याची जागा गेली. बडकस चौकात चिटपाखरू नाही आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. उन्हापायी विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. त्यामुळे मुक्कामही लांबायचा.

इथं इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेन या जोडगावात सगळं उलटं. विद्यापीठात पन्नास हजारांवर विद्यार्थी, आणि मेच्या मध्यावर परीक्षा संपली की चार दिवसांत गाव रिकामं. आईबाप मोठाल्या गाड्या घेऊन येतात आणि गाडीत मावलं नाही ते फुटपाथवर सोडून जातात: गाद्या, खुर्च्या, दिवे, न फोडलेली नूडल्सची पाकिटं. पहिल्या वर्षी मला तिथं एक टेबलफॅन आवडला. रस्त्यावरची वस्तू उचलायची लाज वाटत होती, म्हणून अंधार पडायची वाट पाहिली. इथं उन्हाळ्यात अंधार पडतो रात्री नऊला. तोवर खुर्च्या गेल्या होत्या. पंखा माझ्या नशिबात होता.

मग ग्रीन स्ट्रीटवर रात्रीचा आरडाओरडा नाही, बसही कमी. मला हे गाव याच तीन महिन्यांत आवडतं. विद्यापीठाच्या मधोमध मक्याचं एक लहानसं शेत आहे, मॉरो प्लॉट्स. 1876 पासून तिथं पिकाचे प्रयोग चालू आहेत. शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. 1969 साली ते उघडलं. पोरं जातात तेव्हा हा मका जेमतेम वीतभर असतो, ऑगस्टच्या शेवटी परततात तेव्हा डोक्याच्या वर. त्याची वाढ बघायला आम्ही मागं राहिलेलेच.

मागं राहणारे बहुतेक आपले, नाहीतर चिनी. तिकीट महाग, आणि घरी गेलं तर व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल की नाही ही धास्ती. शिवाय सत्र चालू असताना विद्यापीठात आठवड्याला वीसच तास काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. मग कुणी प्रयोगशाळेत, कुणी ग्रंथालयाच्या टेबलावर. गेलेल्यांच्या खोल्या पोटभाड्यानं स्वस्तात मिळतात, तेवढंच सुख.

मी हे फोनवर सांगत होतो. नवतपा चालू होता, आईकडे कुलरचा पंप बिघडलेला. तिला वेगळाच प्रश्न पडला.

“मंग ते पोट्टे सुट्टीत काय जेवून राहिले?”

खरं तर बरेचसे रोज खिचडीच खातात. तिला मी वरणभात सांगितलं.

खरी पंचाईत ऑगस्टमध्ये. इथले भाडेकरार सगळे एकदमच संपतात आणि नवे काही दिवसांनी सुरू होतात. जुन्या घराची किल्ली दिली, नव्याची मिळायची आहे. मधल्या दिवसांत पोरगा सामानासकट रस्त्यावर. घरमालकाला रंगरंगोटीसाठी ते दिवस हवे असतात म्हणे. मला विचाराल तर हा शुद्ध निर्दयपणा आहे. घरी हे कुणी सांगत नाही. आईबापांना वाटतं, पोरगा इतक्या मोठ्या विद्यापीठात आहे, तिथं काय कमी!

मागच्या ऑगस्टात माझ्या बाहेरच्या खोलीत चौघांच्या अकरा बॅगा, तीन भाताचे कुकर आणि एक सायकल होती. चौघं खाली सतरंजीवर, त्या टेबलफॅनसमोर ओळीनं झोपले. पहाटे एक जण पाणी प्यायला उठला आणि त्याची जागा गेली.