दैवाच्या माथी मारलेली लेकरं

स्कॉट्स भाषेत दुर्दैवाला शब्दांची वाण नाही. ‘वॉनचॅन्सी’ म्हणजे अपशकुनी, ज्याच्या वाटेला जाऊ नये असं. ‘मिशॅन्टर’ म्हणजे अवचित ओढवलेलं संकट. सैतानालाही याच नावाने ओळखत. या शब्दांच्या घरोब्यातलेच आणखी काही शब्द आहेत. लग्नावाचून मूल झालेल्या मुलीबद्दल लोक म्हणत, तिच्यावर ‘मिसफॉर्च्युन’ ओढवलं. तिचं मूल म्हणजे ‘चान्स-बेर्न’, योगायोगाचं पोर. नाहीतर ‘कम-ओ-विल’, आपल्या मर्जीने आलेलं.

या शब्दांत मला आधी माया दिसते. ती कळायला त्या काळचं चर्च डोळ्यांपुढे आणावं लागतं. अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये गावोगावी ‘कर्क सेशन’ बसे: पाद्री आणि गावातली वडीलधारी मंडळी. कुणा अविवाहितेला दिवस गेल्याची कुजबुज झाली की तिला बोलावणं जाई, बापाचं नाव विचारलं जाई. ती बोललीच नाही तर कळा सुरू असताना सुईणीकरवी तिच्याकडून ते वदवून घेत. मग काही रविवार भर उपासनेत पश्चात्तापाच्या स्टुलावर बसायचं आणि सगळ्यांदेखत पाद्र्याची बोलणी खायची. पुरुषालाही हे चुकत नसे, एवढं त्या चर्चच्या बाजूने सांगायला हवं. पण पोट दिसे ते बाईचं. १६९० च्या कायद्याने तर टोक गाठलं. जिने गर्भारपण लपवलं, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही आणि जिचं मूल मेलेलं किंवा बेपत्ता आढळलं, ती खुनी ठरे. मूल तिने मारलं, हे सिद्ध करायची गरजच नव्हती. शिक्षा देहान्ताची. हा कायदा १८०९ पर्यंत टिकला. वॉल्टर स्कॉटच्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ या कादंबरीतली एफी डीन्स याच कायद्यात सापडते.

अशा गावात शेजारीण ‘पाप’ हा शब्द गिळून ‘मिसफॉर्च्युन’ म्हणते, तेव्हा ती त्या मुलीला पंचांच्या हातून सोडवून आणत असते. पापाला दंड असतो. दुर्दैव कुणावरही येतं आणि ज्याच्यावर आलं त्याचं सांत्वनच करायचं असतं. ईशान्येकडच्या बॅन्फशरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दर सहा-सात बाळांमागे एक लग्नाबाहेर जन्मत होतं. सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर शेतांवर राबणारे गडी आणि मोलकरणी, संसार मांडायला खोपटं नाही. पोरगी पुन्हा कामावर जाई, लेकरू आजीपाशी वाढे. तिथे असा मऊ शब्द नसता तर माणसांना एकमेकांच्या शेजारी राहणं कठीण झालं असतं.

तरीही हा शब्द मला पुरता पटत नाही. बोल दैवावर गेला की बाप नामानिराळा होतो. आपल्याकडे ‘पाऊल वाकडं पडलं’ म्हणतात, तेही पाऊल एकटीचंच असतं. शिवाय हा शब्द आईपाशी थांबत नाही. पुढे त्या मुलालाच ‘मिसफॉर्च्युन’ म्हणू लागतात. आईला मिळालेल्या सवलतीचं मोल लेकराने आयुष्यभर चुकवायचं.

म्हणून स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची एक कविता मला फार मोलाची वाटते. २२ मे १७८५ रोजी त्याला पहिली मुलगी झाली. आई एलिझाबेथ पेटन, बर्न्सच्याच घरी कामाला असलेली. त्या लेकीच्या स्वागताला त्याने कविता लिहिली आणि तिच्या सुरुवातीलाच ‘मिशॅन्टर’ हा शब्द आणला. पण कुणासाठी? स्वतःसाठी. या पोरीची किंवा तिच्या आईची आठवण येऊन मी कधी कचरलो, तर मिशॅन्टर माझ्यावर येवो, अशा अर्थाची ती शपथ आहे. गाव जे दुर्दैव बाळाच्या कपाळी लिहीत होतं, ते बापाने स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतलं. पेटनशी त्याने लग्न केलं नाही, हेही खरं. कवितेने ते भरून निघत नाही. ती मुलगी, बेस, मात्र मॉसगीलच्या शेतघरात त्याच्या आईपाशी वाढली. कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही.

लेकराच्या कपाळीचं दुर्दैव पुसणारे आपल्याकडेही होते. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढतात, आणि पुढे एका विधवेचा मुलगा सावित्रीबाई व ते दत्तक घेतात. शाळेमुळे हे घडलं, असा माझा दावा नाही. पण त्या मुलाचं नाव त्यांनी यशवंत ठेवलं, आणि त्या नावात दैवाची तक्रार कुठेही नाही.

स्कॉटलंडच्या कायद्यातून ‘अनौरस’ हा दर्जा २००६ मध्ये रद्द झाला, बेसच्या जन्मानंतर २२१ वर्षांनी. उमरावी पदव्यांच्या वारशाला मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही.