खट्ट, टकटक, कुरकुर

"मेस्त्री, दोन्ही शॉकअप नवे टाकले, लोअर आर्मचे बुशही टाकले, तरी दोन महिन्यांत पुढून आवाज सुरू झालाच."

गाडी घेऊन आलेले सर निवृत्त शिक्षक होते. पान्ह्याला हात लावण्याआधी मी त्यांना विचारलं, "सर, खट्ट वाजतं की टकटक?" त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "खट्ट. एकदाच. ब्रेक दाबला की, आणि उभी गाडी पुढे काढली की." अर्धं काम त्यांनीच करून दिलं.

चिपळूणला माझं गॅरेज सुरू होऊन सत्तावीस वर्षं झाली. या काळात रॅम्प आला, स्कॅनर आला, अलाइनमेंटला कॅमेरे आले. पण सस्पेन्शनच्या कामात मला आजही सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते आपल्या भाषेतले आवाजाचे शब्द. बारीक खडीच्या रस्त्यावर हळू जाताना टकटक टकटक येत असेल, तर मी आधी स्टॅबिलायझरचा लिंक रॉड हाताने हलवून बघतो. त्याच्या टोकाला सुपारीएवढा गोळा असतो, तो आपल्या घरात सैल झाला की प्रत्येक खड्याला बोलतो. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना टंग् असा स्प्रिंगचा आवाज आला, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग. गतिरोधकावरून उतरताना कुरकुर आली, तर कुठलं तरी रबर सुकलंय. खड्ड्यात धप्प करून गाडी पुढे दोनतीनदा डुलत राहिली, तर शॉकअपमधलं तेल गेलं. आणि वेग वाढेल तसा वाढणारा घूंऽऽ हा सस्पेन्शनचा आवाजच नव्हे, ते चाकाचं बेअरिंग आहे. त्यापायी लोक विनाकारण टायर बदलतात. नुसतं 'आवाज येतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणूनच मी शेजारी बसवून फेरी मारतो.

सरांची गाडी रॅम्पवर घेतली. टॉमी घालून आर्म जरासा दाबला आणि मागच्या बुशचं तोंड उघडलं. रबराला आतून चीर गेली होती. दोन महिन्यांचं रबर! माल चांगला होता, चूक कसताना झाली होती. बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्या, एकीत दुसरी, आणि दोघींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली, आतली बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेली. चाक वरखाली होतं तेव्हा या जागी काही घासत नाही, रबर पिळतं आणि परत येतं, एवढंच. आता गाडी जॅकवर आहे, चाक खाली लोंबतंय, अशा वेळी बोल्ट पुरता आवळला तर आतली नळी त्या लोंबत्या कोनातच पक्की होते. मग गाडी खाली उतरली, वजन आलं, की रबराला पीळ बसतो. ती अंगणात नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच राहतं, आणि खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. वर्षानुवर्षं टिकायचं ते दोन महिन्यांत फाटतं.

म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवायचा. गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनदा दाबून सोडायची, म्हणजे ती आपल्या उंचीला बसते. मग चाकांवर वजन असतानाच खाली शिरून टॉर्क पान्ह्याने शेवटचं आवळायचं. यात दहा मिनिटं जास्त जातात. ती गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, बिलात लावता येत नाहीत. मेस्त्री कसा आहे हे मात्र मी त्याच दहा मिनिटांवरून ठरवतो.

मला हे कोल्हापूरच्या वस्तादांनी शिकवलं. शिवाजी उद्यमनगरात त्यांची शेड होती, तिथे मी सतराव्या वर्षी पाने पुसायला लागलो. तेव्हा निम्मं काम पाट्यांच्या स्प्रिंगचं असायचं. जीप, अ‍ॅम्बॅसडर, टेम्पो. तुटलेला पाटा लांबून दिसतो, त्याला विचारावं लागत नाही. मारुती ८०० सारख्या गाड्यांनी मात्र सगळं बदललं. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात रचलेला स्ट्रट पुढच्या चाकांवर आला. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक ज्यावर वळतं तो खांब, तिन्ही एकातच. जागा वाचली, वजन वाचलं, पण दोष लपायला लागला. लोखंडातून आवाज धावतो. डाव्या बाजूचा बॉल जॉइंट उजवीकडून बोलतो. वस्ताद एका पोराला गाडी हलवायला लावत आणि माझा तळहात आधी स्प्रिंगवर, मग आर्मवर, मग लिंकवर ठेवायला लावत. जिथे बोटांना टिचकी बसेल तो सांधा गेला. "कानाने गल्ली शोध, घर हाताने शोध," असं ते म्हणत. ती सवय मी माझ्या पोरांना लावली आहे.

दाबलेल्या स्प्रिंगला तोंड समोर करून बसायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. स्ट्रट सोडवताना स्प्रिंग दोन आकड्यांत दाबून धरावी लागते आणि तेवढ्या वेळ तिच्यात अख्ख्या गाडीच्या एका कोपऱ्याचा जोर कोंडलेला असतो. आकडे समोरासमोर बसले नाहीत तर ती सुटते. माझ्या गॅरेजात हे काम करणाऱ्याशी कोणी बोलत नाही. फोन वाजला तर वाजू देतात.

गणपतीच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे जेवायला सवड नसते. मुंबईहून निघालेला चाकरमानी रात्रभर महामार्गाचे खड्डे खात परशुराम घाट उतरून येतो, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअर. "पुढे गुहागरला जायचंय, तेवढी कशीबशी पोचव." अशा वेळी मी चाकाला वरून-खालून धरून हलवतो. चाल बॉल जॉइंटमध्ये असेल तर गाडी सोडत नाही, मग गिऱ्हाईक कितीही चिडो. लिंक रॉड असेल तर सांगतो, वाजू दे, गौरी-गणपती उरकून ये. लिंक तुटला तर गाडी वळणावर जास्त कलेल. बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं होतं. घाबरवून पैसे काढणं आणि खरा धोका सांगणं यांतला फरक मेस्त्रीने स्वतःपुरता पक्का ठरवून ठेवला पाहिजे.

२२ जुलै २०२१ नंतर मात्र माझ्याकडे आल्या त्या गाड्यांना आवाजच नव्हता. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, गाड्या जिथे होत्या तिथे बुडाल्या. पाणी ओसरल्यावर जो भेटेल त्याला मी एकच सांगत होतो, चावी फिरवू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाचणारं इंजिन तिथेच मरतं.

त्यांतली एक गाडी एका परिचारिकाताईंची होती. पाणी सीटपर्यंत चढलेलं, डॅशबोर्ड बराचसा वर राहिलेला. त्यांनी चावी लावली नव्हती. "दादा, विमा नुसता थर्ड पार्टीचा आहे. होईल का?" मी 'बघतो' म्हटलं, 'होईल' म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

गाडीचं आतलं काम लोकांना सजावटीचं वाटतं. कव्हर, मॅट, फार तर स्पीकर. पण सीट काढून गालिचा उचलला की कळतं, गाडीची अर्धी नाडी पायाखालून गेलेली असते. पहिल्यांदा बॅटरी सोडली आणि थोडा वेळ नुसता थांबलो, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे, साठलेली वीज उतरल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. मग सीट बाहेर, दारांच्या उंबऱ्याच्या पट्ट्या बाहेर, गालिचा बाहेर. गालिच्याच्या पोटाला जाड फोम असतो. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, मुठीत दाबला की चिखलाचं पाणी गळतं. तो फोम ओला ठेवून गालिचा परत घातला तर पत्रा आतून गंजतो आणि महिन्याभरात गाडीला असा वास सुटतो की काच खाली केल्याशिवाय बसवत नाही. आषाढात चिपळूणला रुमाल वाळत नाही. तो गालिचा आम्ही बांबूवर टांगला, दोन बाजूंनी पंखे आणि हॅलोजन लावले, अकरा दिवस.

गाळ पिठासारखा बारीक होता. तो कनेक्टरच्या प्रत्येक घरात शिरला होता आणि पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढायला लागला होता. मी आणि माझा एक पोरगा, दात घासायचा ब्रश आणि क्लीनरचा फवारा घेऊन एकेक कनेक्टर उघडत गेलो. कुठला कुठे ते चिकटपट्टीवर लिहून लावत गेलो. एका जागी मी ताईंचं ऐकलं नाही. सीटबेल्ट धुऊन चालतील का, असं त्यांनी विचारलं. पट्टा धुता येतो, पण तो गुंडाळणाऱ्या डबीत गेलेला गाळ निघत नाही, आणि ऐन वेळी ती अडकते की नाही हे धक्का बसेपर्यंत कळत नाही. पुढचे दोन्ही बेल्ट नवेच घातले. पैसे हप्त्याने घेतले.

त्या वर्षी बुडालेल्या गाड्या चकचकीत पुसून, अत्तर मारून, नवी कव्हरं चढवून दूरच्या गावी विकल्या गेलेल्याही मी पाहिल्या. त्याचा मला आजही राग आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा; शेवटची वीतभर पट्टी पुसायला विक्रेता विसरतो. स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे आणि सीटच्या रुळांचे स्क्रूही बघावेत.

ताईंच्या गाडीचं इंजिन साफ झालं, तेल तीनदा बदललं. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी चावी फिरवली. स्टार्टर फिरतो, इंजिन उचलत नाही. इंधन आहे, बॅटरी नवी आहे. पोरं हिरमुसली. मीटरमध्ये चावीचा छोटा दिवा भराभर लुकलुकत होता. गाडी म्हणत होती, मी तुला ओळखत नाही.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावीच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, त्याच्या चुंबकी क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते, ती आपला क्रमांक सांगते, आणि तो जुळला तरच इंजिनला इंधन सुटतं. लोक रिमोटला सुरक्षा समजतात. रिमोट दार उघडतो, चोराला अडवते ती ही चिप. मी स्टिअरिंगखालचं आवरण काढलं. त्या कड्याचा कनेक्टर आमच्या नजरेतून सुटला होता, एका पिनेवर मुगाएवढा चिखल सुकून बसला होता. तो खरवडला, कनेक्टर दाबला. चावी फिरवली, दिवा एकदा लागला आणि विझला, इंजिन उचललं. ताई दारात उभ्या होत्या, त्यांना आवाज ऐकू गेला.

बाहेरून बसवलेल्या अलार्मांबद्दल माझं मत चांगलं नाही. यंत्र वाईट नसतं, जोड वाईट असतात. मूळ तार सोलून तिच्यावर दुसरी पिळायची आणि टेप गुंडाळायची, कोकणातल्या दमट हवेत तो जोड दोन पावसाळे काढत नाही. गावच्या घरी उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी आठवड्यात बसते अशी तक्रार आली, की मी मीटर लावून गाडी बंद करून वीसएक मिनिटं थांबतो, तिला झोपू देतो. निजलेली गाडी साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत वीज खाते. ३०० खात असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत, आकडा कुठे पडतो ते बघत जायचं. बऱ्याचदा दोष अलार्मच्या टेपखाली सापडतो. नाहीतर उंदराने कुरतडलेल्या तारेत.

सरांच्या गाडीचे दोन्ही बुश बदलले, फाटलेला बुश कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. पुढच्या सर्व्हिसिंगला ते आले तेव्हा खिशातून चिठ्ठी काढली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी थंड गाडी. डावीकडे वळताना. मागून. करकर, दोन वेळा.' मी सरळ मागच्या डाव्या चाकाशी गेलो.

तुम्हीही गाडी कुठल्याही गॅरेजात न्या, पण शॉकअप बदला असं सांगू नका. अशी एक चिठ्ठी घेऊन जा, आणि काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्या.