डाव्या कोपऱ्याची किंमत

कबड्डीत कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे प्रेक्षकांचे लक्ष सर्वांत उशिरा जाते. टाळ्या चढाईपटूला मिळतात, फोटो त्याचाच छापून येतो. कोपरारक्षकाचे काम दबा धरून राहण्याचे. बोनस रेषेकडे पाय टाकण्यासाठी चढाईपटू पुढे सरकला, त्याचा तोल क्षणभर एका पायावर आला, की तेवढ्या अवधीत खाली झेपावून घोटा धरायचा. झेप थोडी आधी पडली तर आपण बाद. थोडा उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषेपार. हे शिकवून येत नाही, उभे राहून राहून येते, असे जुने खेळाडू सांगतात. त्यामुळे तयार डावा कोपरा मिळत असेल तर कोणताही संघ त्यासाठी पदरचे बरेच काही द्यायला तयार होतो. हे ‘पदरचे बरेच काही’ म्हणजे नेमके काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तो माझ्यापुढे आला तो आमच्या गावात. अलिबागच्या खारेपाटात, खाडीच्या बांधांआड जी गावे वसली आहेत त्यांतले आमचे एक. भाताची कापणी झाली की शेतातली ढेकळे फोडून, पाणी मारून, जमीन चोपून मैदान तयार होते आणि थंडीभर रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. गावाची ओळख गावदेवीवरून सांगावी की कबड्डी संघावरून, असा प्रश्न पडावा इतका हा खेळ इथल्या आगरी वस्त्यांत मुरलेला आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आयुष्यात कधी धड पकड केलेली नाही. पण ‘शिकलेला माणूस’ म्हणून मंडळाच्या बैठकीला मला बोलावतात, आणि मीही जातो.

२०१८ च्या हिवाळ्यात आमच्या मंडळाकडे एक प्रस्ताव आला. दुसऱ्या तालुक्यातला एक नावाजलेला डावा कोपरा हंगामभर आमच्याकडून खेळायला तयार होता. त्याच्या मंडळाला पैसे नको होते. त्यांना आमची कुमार गटातली दोन मुले हवी होती. एक चढाईत तरबेज, दुसरा मध्यरक्षक म्हणून नुकता हात बसू लागलेला. ना हरकत पत्र द्यायचे, नोंदणी बदलायची, व्यवहार पुरा. त्याच वर्षी मे महिन्यात प्रो कबड्डीच्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपऱ्यासाठी १ कोटी रुपये मोजले होते. त्या स्पर्धेत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. दूरचित्रवाणीवरचे ते आकडे गावोगावच्या बैठकांत उतरले होते. आमच्या सेक्रेटरींनी तर तो आकडा दोनदा उच्चारला, जणू आम्हांला तो माल फुकट मिळत होता.

बैठकीत दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे सरळ होते: सलग तीन वर्षे उपांत्य फेरीत आपण हरतो ते कोपऱ्यात, मुले काय, पुन्हा तयार होतील. विरोधात एक वृद्ध गृहस्थ होते, स्वतः जुने खेळाडू. ते एवढेच म्हणाले, ‘पोरं काय बाजारातले बैल आहेत?’ मग माझ्याकडे वळून, ‘सर, तुम्ही बोला.’

मी विरोधात बोललो. पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. माणसाचा सौदा होऊ नये हे ऐकायला उदात्त वाटते. प्रत्यक्षात खेळाडूंची ये-जा पूर्वीपासून होत आली आहे, आणि तिच्यामुळे अनेकांचे भलेही झाले आहे. माझा आक्षेप हिशेबाचा होता. तो नीट मांडायचा तर जरा दूरचे उदाहरण घ्यावे लागेल.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असे व्यवहार नित्याचे आहेत. तिथे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हा सामन्याचा कणा. एक उत्तम पिचर मिळावा म्हणून संघ आपली उमेदवारी करणारी पोरे देऊन टाकतात. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटच्या संघाने डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा मुरलेला पिचर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा २० वर्षांचा मुलगा अटलांटाला दिला. उरलेल्या हंगामात अलेक्झांडर नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही. डेट्रॉइटने आपला गट जिंकला. पुढच्या फेरीत मात्र तो दोन्ही सामने हरला आणि १९८९ नंतर खेळातूनच बाहेर पडला. स्मोल्ट्झ अटलांटाकडून दोन दशके खेळत राहिला आणि २०१५ मध्ये त्या खेळाच्या सर्वोच्च मानकऱ्यांत जाऊन बसला. हा व्यवहार मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. डेट्रॉइटला जे हवे होते ते मिळाले, आणि मिळू शकले याचे कारण पिचरचे काम बव्हंशी एकट्याचे असते. तो परक्या संघात पहिल्याच दिवशी आपले काम करू शकतो.

डावा कोपरा हे करू शकत नाही. त्याने घोटा धरला तरी पकड पुरी होत नाही. शेजारचा माणूस त्याच क्षणी अंगावर आला नाही, साखळी तुटली, तर धडधाकट चढाईपटू कोपऱ्याला घेऊन मध्यरेषेपर्यंत सरपटत जातो. म्हणजे आम्ही जो खेळाडू आणणार होतो त्याची किंमत त्याच्या शेजारी कोण उभे आहे यावर ठरणार होती. आणि शेजारी उभा राहणारा मुलगाच आम्ही बदल्यात देणार होतो! बेरीज-वजाबाकीत हा घोटाळा दिसत नाही, कारण कागदावर एक माणूस एवढाच एक माणूस असतो.

दिवाळी अंकाच्या संपादकाला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. मुखपृष्ठावर एक मोठे नाव हवे. त्या नावाला दिलेली पाने नवख्यांच्या हिश्श्यातून जातात. मोठे नाव घेऊ नये असे कोण म्हणेल? पण ‘सत्यकथा’चे नाव श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासह आजही निघते ते नव्या लेखकांवर घेतलेल्या मेहनतीमुळे, हे या वाचकांना सांगायला नको. असो.

माझ्या म्हणण्याला पुरावा तेव्हा नव्हता. तो पुढे पुणेरी पलटणने दिला. या संघाने २०२२ मध्ये त्याच अत्राचलीसाठी १ कोटी ३८ लाख मोजले आणि डिसेंबरात अंतिम सामना जयपूरविरुद्ध ३३-२९ असा गमावला. पुढच्या हंगामाआधी त्यांनी अत्राचलीला सोडले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत ही तरुण मंडळी मात्र राखली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात तो वादग्रस्त, मध्येच बराच वेळ थांबलेला अंतिम सामना झाला. भारताच्या चमूत इनामदार होता; समोर इराणचा मोहम्मदरेझा शादलू. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणने या शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. संघाला खर्चाची एकूण मर्यादा ५ कोटींची! जवळजवळ निम्मी थैली एका डाव्या कोपऱ्यावर रिती करणे परवडले, कारण उरलेला संघ स्वतः घडवलेल्या, म्हणून स्वस्तात राखता आलेल्या मुलांचा होता. त्या मुलांनीच तारांकित खेळाडूची किंमत चुकती केली, पण स्वतः संघाबाहेर न जाता. त्या हंगामात शादलूने पकडींचे ९९ गुण मिळवले, इनामदार सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले.

पुढची हकिकत माझ्या बाजूने सरळ जात नाही, आणि म्हणूनच ती सांगायला हवी. पलटणने शादलूला सोडले. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, पुण्याच्याच बालेवाडीत, पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून करंडक नेला. यजमान शहराचा संघ त्या वर्षी बाद फेरीतही नव्हता. तेव्हा तारांकित खेळाडूने काही फरक पडत नाही, असे म्हणणे हा शुद्ध दंभ आहे. फरक पडतो. मात्र २०२५ मध्ये तोच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला, आणि गुजरात पहिल्या आठांतही आले नाही. माणूस तोच, कोपराही तोच. शेजारी बदलले होते. हरियाणाकडे आदल्या वर्षीचा अंतिम फेरी गाठलेला संघ होता, त्यात तो जाऊन बसला.

आमच्या गावात शेवटी काय झाले? मते मोजली, मी ज्या बाजूला होतो ती बाजू हरली. पण दोघांपैकी मध्यरक्षक मुलाच्या आईने ना हरकत पत्रावर सही होऊ दिली नाही. सेक्रेटरी तिच्या दारात तीनदा जाऊन आले. समोरच्या मंडळाने कुरकुरत एकाच मुलावर समाधान मानले. कोपरा आला, त्या हिवाळ्यात आम्ही दोन स्पर्धा जिंकल्या, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात हात गुंफून उभा होता तो हाच आईने अडवलेला मुलगा. हंगाम संपला तसा पाहुणा निघून गेला. मुलगा हळूहळू एक जागा सरकत कोपऱ्यात आला आणि आता गावाचा डावा कोपरा तोच आहे.

चढाई करणारा मुलगा गेला तो मात्र राजीखुशीने गेला, ही गोष्ट बैठकीतल्या दोन्ही तटांना आजही सांगायला आवडत नाही. तो माझ्या वर्गात होता. जाण्याआधी भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारले, तुला कुणी विचारले का? तो म्हणाला, ‘नाही सर. पण विचारलं असतं तरी हो म्हणालो असतो. इथं मला जिल्ह्याच्या निवडीला कोण बघणार?’ सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याला लागणारे प्रमाणपत्र राज्य पातळीच्या मैदानावर मिळते, आणि तिथवरची वाट जिल्ह्याच्या संघातून जाते, हे त्याला माझ्यापेक्षा पक्के ठाऊक होते. भविष्यातले गुण, संघाची बांधणी, गावाची अब्रू असा हिशेब आम्ही सारे करत होतो. त्याचा हिशेब वेगळ्याच वहीत होता. मी त्याला थांब म्हणालो नाही. बैठकीत मात्र पुन्हा तोच प्रस्ताव आला तर मी पुन्हा विरोधातच मत देईन.

जानेवारीत तो नव्या मंडळाकडून आमच्या मैदानावर चढाईला आला, तेव्हा त्याच्यासमोर डाव्या कोपऱ्यात उभा होता तो त्याच्या बदल्यात आलेला माणूस, आणि त्याच्या लगत त्याचा बालमित्र. पहिल्या चढाईत त्याने बोनस घेतला. दुसऱ्या चढाईत घोटा पाहुण्याने धरला आणि कंबर मित्राने. प्रेक्षकांतून टाळ्या उशिरा आल्या, आणि थोड्याच आल्या.