गवताचे मुहूर्त

वेल्सला जाणारे लोक किल्ले पाहतात, डोंगर चढतात. मी मात्र गेल्या मे महिन्यात लिव्हरपूलहून मोटारीने निघालो तो खाणीतल्या मातीचा ढिगारा पाहायला! बहीण तेथे असते आणि भाचीने वनस्पतिशास्त्र घेतले आहे. “मामा, नवी जात कशी घडू लागते ते दाखवते,” असे तिने म्हटल्यावर नाही कसे म्हणणार?

ट्रेलोगन हे उत्तर वेल्समधले लहानसे खेडे. येथली जस्ताची नि शिशाची खाण केव्हाच बंद पडली; पण तिने उकरून टाकलेली माती अजून आहे. तिला लागूनच हिरवेगार कुरण, आणि दोन्हीकडे एकच गवत. इंग्रज त्याला ‘स्वीट व्हर्नल’ म्हणतात. वाळले की गोड वास सुटतो. चावून पाहण्याचा मोह मी आवरला; ढिगाऱ्यावरचे तर नकोच!

कुरणातले बी ढिगाऱ्यावर पडते, रुजते, आणि मुळेच वाढत नसल्याने मरते. असंख्य रोपांत एखाद्यालाच ते विष सोसण्याची उपजत शक्ती असते. तेवढेच जगते, त्याचेच बी पसरते. ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द मला तेथे फारच सौम्य वाटला. निवड कसली, कत्तलच ती! उलट ढिगाऱ्यावरचे सोशिक गवत कुरणात गेले, तर तेथल्या धष्टपुष्ट भाऊबंदांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

पण येथवर जात एकच. दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे मी वर्गात नेहमी सांगतो. येथे अंतर चार पावलांचे. वारा इकडचे पराग तिकडे नेणारच, आणि अशा संबंधातून झालेली संतती ना धड ढिगाऱ्याची, ना कुरणाची. म्हणजे आपल्यातच सोयरीक करील त्याचा वंश टिकणार. मॅक्नीली आणि अँटोनोव्हिक्स या संशोधकांनी १९६८ साली दाखवले की ढिगाऱ्यावरचे गवत कुरणातल्यापेक्षा सुमारे आठवडाभर आधी फुलते. मुहूर्तच वेगळे, मग लग्ने लागणार कशी? त्यातही गंमत अशी, की हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो सीमेवर, जेथे भेसळीचा धोका अधिक. शिवाय खाणीवरचे गवत स्वतःच्याच परागावर अधिक बी धरते. २००६ साली अँटोनोव्हिक्सने पुन्हा लिहिले, तेव्हा चाळीस वर्षांनंतरही मुहूर्तांतला फरक कायम होता.

“मग झाली का नवी जात?” मी विचारले.

“अजून नाही. दोघांचे फुलण्याचे थोडे दिवस एकत्र येतातच. बेटीव्यवहार कमी झालाय, तुटला नाही.”

तिने ढिगाऱ्यावरच्या एका तुऱ्याला टिचकी मारली. बारीक धुरळा उडाला आणि वाऱ्याबरोबर कुरणाकडे गेला. तिकडचे बहुतेक तुरे अजून मिटलेलेच होते.