हँडलाची सोयरीक

माणसाचें वय जन्मपत्रिकेंत पाहाण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्या मतें तें त्याच्या सायकलच्या हँडलावर अधिक स्पष्ट दिसतें. कॉलेजांत जाणाऱ्याचें हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें असतें. संसारांत पडलेल्याचें काठीसारखें सरळ होतें. आणि आमच्यासारख्या पेन्शनरास तें किंचित् उंच व मागें वळून हातांशीं आलेलें हवें असतें. तेव्हां वय बदललें कीं हँडल बदलावें, इतकी ही साधी गोष्ट वाटते. परंतु हँडल हें एकटें येणारें स्थळ नव्हे. त्याच्यामागून ब्रेकचे लिव्हर, गिअरचे खटके आणि तारा असें सबंध गणगोत येतें, आणि त्यांतील प्रत्येकाचा स्वभाव सायकलच्या जुन्या मंडळींशीं जुळावा लागतो. गेल्या चार महिन्यांत आम्हीं ही सोयरीक जुळविली. ज्या वाचकांच्या घरीं एखादी तरणीताठी सायकल जिन्याखालीं उभी असेल, त्यांस हा वृत्तांत कदाचित् उपयोगी पडेल.

झालें असें कीं, आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरास गेले आणि त्यांची शर्यतीच्या घडणीची सायकल येथेंच राहिली. आमची जुनी काळी सायकल, जिच्यावरून आम्ही ३१ वर्षें शाळेंत गेलों, ती गेल्या पावसाळ्यांत गंजून निकामी झाली. घरांत मत पडलें कीं, आतां सायकल पुरे. भाजी आणावयास रिक्षा आहे, वाचनालयांत कोणीहि स्कूटरवर सोडील. सोडील हें खरें. पण सोडणाऱ्याची वाट पाहात ओसरीवर बसणें हें म्हातारपणाचें पहिलें लक्षण आहे, असें आम्ही समजतों. सुदैवानें डॉक्टरांनीं आमचा पक्ष घेतला. सायकल गुडघ्यांस चांगली, कंबर मात्र वांकवावयाची नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां पुतण्याची सायकल ठेवून तिचें हँडल बदलावें असें ठरलें. सौ.नीं एकच अट घातली : "अहो, काय हवें तें करा, पण ब्रेक लागले पाहिजेत."

प्रथम मनांत आलें कीं, जुन्या सायकलचेंच हँडल उतरवून हिला चढवावें. तें जमण्यासारखें नव्हतें. त्या काळ्या सायकलींचा ब्रेक तारेवर चालत नाहीं, लोखंडी सळईवर चालतो. त्याचे लिव्हर हँडलाच्या पोटाशींच जखडलेले असतात. ते दाबले कीं सळई वर ओढली जाते, आणि घोड्याच्या रिकिबीसारखा एक भाग आपलीं रबरें रिमच्या आंतल्या बाजूस नेऊन टेकवितो. नव्या सायकलचा ब्रेक रिमला दोहों बाजूंनीं चिमट्यासारखा धरतो. सळईला तेथें कांहींच काम नाहीं.

मग मापें घेतलीं. हँडल मधोमध जेथें आवळलें जातें तेथील जाडी हल्लींच्या पुष्कळशा सायकलींत ३१.८ मिलिमीटर असते. पूर्वीं शर्यतीच्या सायकलींस २६.० आणि डोंगरी सायकलींस २५.४ हें माप सर्रास होतें. हा ०.६ मिलिमीटरचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु मोठ्या मापाच्या मानेंत लहान हँडल कितीहि पिळून बसविलें तरी एखाद्या खड्ड्यांत तें फिरण्याची भीति राहते. दुसरें माप टोकांचें, म्हणजे लिव्हर व खटके जेथें बसतात तेथलें. वळणदार हँडलाची नळी २३.८ मिलिमीटर, सरळ हँडलाची २२.२. त्यामुळें एकाचे लिव्हर दुसऱ्यास चढत नाहींत. शिवाय वळणदार हँडलाचे लिव्हर त्या बांकासाठींच घडविलेले असतात. त्यांतून १९९० सालीं शिमानो या जपानी कंपनीनें गिअरचे खटके ब्रेकच्या लिव्हरांतच बसविले, आणि पुढें ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. पुतण्याची सायकल त्याच जातीची. म्हणजे हँडल बदलतांच ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचे खटके, दोन्ही नवे घेणें आलें.

येथें खरी कसोटी लागली. एका दुकानदारानें सरळ हँडल, लिव्हरांची जोडी आणि खटके काढून दिले, तासाभरांत बसवूनहि दिले, आणि "बसलें कीं नाहीं बरोबर?" असें आम्हांसच विचारलें. बसणें आणि जुळणें हे दोन वेगळे धातु आहेत. पण व्याकरणाचा तास दुकानांत घेतां येत नाहीं. घरीं आल्यावर, स्वार होण्यापूर्वीं, आमच्या शिरस्त्याप्रमाणें आम्हीं सायकल हातानें चालवीत दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला, आणि चाक मात्र पुढें सरकत राहिलें. जोर दुप्पट केला तेव्हां कोठें तें थांबलें. दुकानदार म्हणाला कीं, रबरें घासलीं म्हणजे लागतील.

आमच्या धाकट्या सूनबाई कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांनीं लिव्हर उघडून तार कोठें अडकविली आहे तें पाहिलें आणि म्हणाल्या, "मामंजी, ही तरफ या ब्रेकची नाहीं." तरफेचा नियम आम्हीं स्वतः कित्येक मुलांस शिकविला आहे : अंतरांत जें मिळवावें तें बळांत गमवावें. सायकलवर तो असा उतरतो. शर्यतीच्या सायकलचा चिमट्यासारखा ब्रेक तार थोडी ओढून मागतो, पण जोरानें. उलट, १९९६ च्या सुमारास डोंगरी सायकलींस जो उंच हातांचा व्ही-ब्रेक आला, तो तार जवळजवळ दुप्पट ओढून मागतो आणि जोर निम्मा. प्रत्येकाचा लिव्हर त्याच्या त्याच्या मागणीप्रमाणें घडविलेला असतो. बाजारांत सरळ हँडलासाठीं जे लिव्हर सहज मिळतात, ते बहुतेक व्ही-ब्रेकचे असतात. तोच आमच्या गळ्यांत बांधला होता. तो तार भराभर ओढी, रबर चटकन् रिमला भिडे, म्हणून हातास घट्ट लागे. पण रिमवर पडणारा जोर निम्माच.

हें आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगत आहों, कारण यांत मोठा धोका आहे. उलटी चूक झाली, म्हणजे आंखूड ओढीचा लिव्हर व्ही-ब्रेकला जोडला, तर तो मऊ लागतो आणि हँडलापर्यंत खालीं येतो. चालविणाऱ्यास कांहीं तरी बिघडलें आहे हें पहिल्या दाबांतच कळतें. आमच्या बाबतींतली चूक मात्र हातास शहाणी वाटते. घट्ट लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक असा आपला सर्वांचा समज, आणि तो समज खोटा ठरतो तो उतारावर, समोर बस उभी असतांना.

सरळ हँडलाचे पण आंखूड ओढीचे लिव्हर मिळतात. कांहीं लिव्हरांत तार अडकविण्याच्या दोन जागा असतात, एक प्रत्येक जातीसाठीं. आम्हीं असा दुसऱ्या प्रकारचा घेतला आणि तार योग्य जागीं लावली. पहिल्या दुकानदारानें आपली जोडी परत घेतली नाहीं. तबकडीच्या ब्रेकांतहि तारेचे असले तर हाच भेद पाहावा लागतो. तेलाचे असले तर लिव्हर आणि ब्रेक एकमेकांसाठीं केलेलेच घ्यावे, आणि कंपनीनें सांगितलेलेंच तेल घालावें. खनिज तेलाच्या ठिकाणीं मोटारीच्या ब्रेकचें तेल घातल्यास आंतील रबरें बिघडतात.

गिअरचें प्रकरण जिवावर बेतणारें नाहीं, डोक्यास ताप देणारें आहे. १९८४ पूर्वींच्या सायकलींत गिअरचा लिव्हर सारंगीवाल्याच्या बोटासारखा असे. चेन चकतीवर नीट बसेपर्यंत कानानें अंदाज घेत सरकवावयाचा. त्या वर्षीं शिमानोनें मोजक्या टप्प्यांचा खटका यशस्वी केला, आणि सारंगीची पेटी झाली. पट्टी दाबली कीं सूर ठरलेला. सोय झाली खरी, पण जुळवाजुळवीचा त्रासहि तेव्हांपासूनचा. मागें ८ चकत्या असतील तर शिमानोचा खटका दर वेळीं सुमारें २.८ मिलिमीटर तार ओढतो, मागचें यंत्र त्याच्या १.७ पट सरकतें, म्हणजे ४.८ च्या आसपास. आणि दोन चकत्यांमधील अंतर तेवढेंच असतें. ८ चकत्यांपर्यंत शर्यतीच्या व डोंगरी यंत्रांचा हा हिशेब एकच असल्यामुळें आमचा मागचा खटका विनासायास जुळला. ९ चकत्यांतहि तसेंच आहे. १० चकत्यांपासून मात्र त्याच कंपनीच्या दोन शाखांचें बोलणें बंद झालें : शर्यतीचें यंत्र १.७ पट, डोंगरी १.२ च्या जवळपास. अमेरिकेच्या स्रॅमचा व इटलीच्या कँपाग्नोलोचा हिशेब आणखी निराळा. म्हणून चकत्यांचा आंकडा सारखा आहे एवढ्यावर विसंबूं नये. पुढच्या दोन चकत्यांचा खटका तर सरळ हँडलाचा, पण शर्यतीच्या यंत्रासाठीं केलेला असाच लागतो. तो मागवून येण्यास तीन आठवडे लागले. तोंवर आम्ही लहान चकतीवरच फिरलों. या वयांत मोठीची घाईहि नव्हती.

तारांविषयीं एकच सांगतों. शर्यतीच्या ब्रेकच्या तारेचें टोक नासपतीच्या आकाराचें असतें, सरळ हँडलाच्या लिव्हरला लहानशा पिंपासारखें लागतें. आणि गिअरच्या तारेचें बाहेरचें वेष्टन ब्रेकला कधींहि वापरूं नये. त्यांतील पोलादी धागे लांबीच्या दिशेनें उभे असतात. ब्रेकच्या जोरानें तें फाटण्याचा संभव असतो. ब्रेकच्या वेष्टनांत वेटोळी असतात. दुकानांत दोन्हीं काळींच दिसतात.

उजव्या-डाव्याचा वाद घरांतच झाला. आपल्याकडे, इंग्लंडप्रमाणें, पुढचा ब्रेक उजव्या हाताला असण्याची चाल आहे. अमेरिकेंत तो डाव्या हाताला असतो, आणि पुतण्यानें आपली सायकल तशी बांधून घेतली होती. आमचें म्हणणें असें कीं, एका घरांतील सर्व सायकली एका पद्धतीच्या असाव्या. संकटांत हात विचार करीत नाहीं, संवयीनें दाबतो. आणि पुढचा ब्रेक अवचित जोरानें दाबला तर स्वार हँडलावरून पलीकडे जातो. सूनबाईंनीं अनुमोदन दिलें, कारण सकाळीं दूध आणण्यास हीच सायकल त्या नेणार होत्या. पुढचा ब्रेक उजव्या हाताला आला.

वळणदार हँडलावर हात दांड्याच्या पुढें टेकतात. नवें सरळ हँडल बसतांच ते मागें आले आणि पाठ आपोआप उभी राहिली. एखाद्या तरुणास हें आंखूड वाटून लांब मान घ्यावी लागली असती. आम्हांस तेंच हवें होतें. आतां आम्ही रोज वाचनालयांत सायकलनें जातों. सौ.नीं पहिल्या दिवशीं गल्लीच्या उतारावर स्वतः उभें राहून ब्रेक लागतो कीं नाहीं हें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आंत गेल्या. पुतण्याचें वळणदार हँडल त्याच्या लिव्हरांसकट व तारांसकट एकत्र बांधून माळ्यावर ठेविलें आहे. तो दिवाळीस येईल तेव्हां नेईल.